कॅन्ससच्या गवतात आबा आणि नातवंडं: फ्लिंट हिल्समधली सोपी भटकंती

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहतो, आठ वर्षं झाली. आठ वर्षांत घरचं जे कोणी आलं त्यांना कॉलोराडो दाखवलं, शिकागो दाखवलं, नायगारा सुद्धा दाखवला, आणि तुमच्या इथं काय आहे असं कोणी विचारलं की आम्हीच सांगायचो इथं काही नाही, सगळं सपाट आहे, मका नि गहू. ह्यावेळी आई-आबा आले, आबांचे गुडघे दुखतात, लांबचा प्रवास नको म्हणाले. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला, म्हणजे फ्लिंट हिल्स टेकड्यांमधल्या उंच गवताच्या राखीव माळाला गेलो. सोबत लेक सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा. ह्या धाग्यात तेच लिहितेय कारण मला वाटतं जवळपासच्या प्रत्येक मराठी घरानं मुलांना घेऊन एकदा तरी इथं जावं.

रस्ता अगदी सोपा आहे. आय-३५ नं एम्पोरियापर्यंत, तिथून ५० नंबरच्या हायवेनं पश्चिमेला स्ट्राँग सिटी, मग के-१७७ वर उत्तरेला दोन मैल. दोन तासांच्या आसपास लागतात. प्रवेश फी नाही. १८८१ चं चुनखडीच्या दगडाचं मोठं रँच-हाऊस आहे आणि शेजारी तीन मजली दगडी गोठा. आबा त्या गोठ्यासमोरच पंधरा मिनिटं उभे होते, दगडाचे सांधे बघत.

आम्ही साउथविंड नेचर ट्रेल केली. पावणेदोन मैल म्हणजे तीन किलोमीटरला थोडी कमी. हलके चढउतार आहेत, कडे नाहीत, दरी नाही, मूल हातातून सुटलं तरी जीव घाबरा होत नाही. झाड मात्र जवळजवळ नाही, सावली नाही, म्हणून साडेआठला चालायला लागलो.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं काहीच वाटलं नाही. नवरा म्हणाला फोटो कशाचा काढायचा. डोंगर नाही, पाणी नाही, चहूकडे गवत आणि वर आभाळ. लेक म्हणाली, आई, इथं काय बघायचं असतं? मलाही उत्तर सुचलं नाही.

मग वाट थोडी खाली उतरली आणि दोन्हीकडचं गवत एकदम वर आलं. लेकीच्या डोक्याच्या वर, मग माझ्या खांद्याला, पुढं एका ओघळीपाशी नवऱ्याच्या डोक्याच्याही वर. तांबूस-जांभळे दांडे आणि टोकाला तीन बोटं फाकलेला तुरा, अगदी कोंबडीच्या पायासारखा. लेकीनं आपलं बोट त्या तीन बोटांत अडकवलं आणि म्हणाली हे शेकहँड करतंय. तिथून पुढं ती प्रत्येक ताटाशी शेकहँड करत चालली.

आबा आटपाडीकडचे, आयुष्यभर जिरायती शेती केलेली. ते एका दांड्यापाशी थांबले, तोडला नाही, (गाडीतच बजावलं होतं की इथलं काही तोडायचं नाही) फक्त अंगठ्यानं पेरं चाचपलं. खालचं पान कुठं चिकटलंय ते बघितलं आणि म्हणाले, "आगं ही तर जुंधळ्याच्या भावकीतली हाय. कणीस तेवढं चुकलंय."

पुढं वाटेवर दगड उघडे पडलेले होते. त्यातला एक हातात घेऊन वळवून बघितला. पांढऱ्या चुनखडीत निळसर करडी गारगोटी बसलेली, कडेला धार. तो जागेवर परत ठेवून म्हणाले, "म्हणून ऱ्हायलं हे. नांगराचा फाळच टिकला नसंल हितं."

परत आल्यावर व्हिजिटर सेंटरमध्ये वाचलं तर नेमकं तेच. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती, आता ४ टक्के सुद्धा उरली नाही आणि उरलेली बहुतेक ह्या फ्लिंट हिल्समध्ये आहे. बाकीची जमीन काळी, खोल, सुपीक होती म्हणून नांगराखाली गेली. इथं मातीचा थर पातळ आणि खाली गारगोटी, म्हणून लोकांनी गुरं चारली आणि गवत वाचलं. आबांनी हे फलक वाचायच्या आधी दगडावरून सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तिथं, का ते मला नीट सांगता येणार नाही.

अजून लिहायचंय, मुलं उठली, नंतर येते.

---

विचिटाकर

वा ताई, सुंदर लिहिलंय. आम्हाला ते सव्वा तासावर आहे आणि दर वर्षी दोन चकरा होतातच. भर घालतो. १९९६ साली हे प्रिझर्व्ह झालं, जवळजवळ ११,००० एकर आहे. बहुतेक जमीन नेचर कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेची आहे, नॅशनल पार्क सर्व्हिसकडे अगदी थोडी, दोघं मिळून सांभाळतात. २००९ मध्ये साउथ डकोटाच्या विंड केव्ह पार्कमधून १३ बायसन (इथले रानगवे) आणून सोडले, आता चांगला मोठा कळप झालाय.

बायसन बघितल्याशिवाय प्रेअरी झाली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी सीनिक ओव्हरलुक ट्रेल कराच, ती बायसनच्या कुरणातून जाते, वर पोचलात की चारी दिशांना एक खांब दिसत नाही.

अजून एक, हा प्रदेश रिकामा नव्हता हे मुलांना जरूर सांगा. कॅन्सस हे नाव ज्या कॉ किंवा कान्सा ह्या इथल्या मूळ लोकांवरून पडलं त्यांच्या नावाचा अर्थ दक्षिणवाऱ्याचे लोक असा सांगतात. इथून वीसेक मैलांवर काउन्सिल ग्रोव्हपाशी त्यांची शेवटची वस्ती होती, १८७३ मध्ये त्यांना ओक्लाहोमात हलवलं. साउथविंड म्हणताना माझ्या मुलाला मी हे सांगतो आणि तो दर वेळी विचारतो मग ते परत का नाही आले.

---

माणदेशी_लेक

विचिटाकर, धन्यवाद, नावाचं हे माहीतच नव्हतं, आज रात्री लेकीला सांगते.

बायसनबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. ती ट्रेल एका बाजूनं तीन मैलांच्या वर आहे, तीन वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीवाले आबा घेऊन मी जाणार नाही. शिवाय त्या कुरणात कुंपणाच्या आत आपण आणि बायसन एकाच मोकळ्या रानात, शंभर यार्डांचं अंतर ठेवायचं असा नियम आहे आणि माझा मुलगा कुत्रं दिसलं तरी धावत सुटतो. मोठी मुलं असतील तर जरूर. लहान मुलांना हाताशी असलेलंच पुरतं. माझा मुलगा एका टोळासमोर वीस मिनिटं बसला होता, टोळ उडाला की हा त्याच्यामागं, बसला की हा बसला.

---

प्राची_डॅलस

आम्ही ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीला नणंदेकडे जातोय, वाटेत थांबता येईल का? माझं बाळ १४ महिन्यांचं आहे, स्ट्रोलर जाईल का? आणि साप वगैरे? मला गवताची खरंच खूप भीती वाटते हो.

---

विचिटाकर

प्राचीताई, डॅलसहून आय-३५ नंच याल ना, मग वाकडी वाट फारशी नाहीच. स्ट्रोलरला साउथविंड नको, दगड आहेत. खाली ओढ्याच्या बाजूला बॉटमलँड ट्रेल आहे, तिचा पार्किंग वेगळा, वाट सपाट आणि खडी दाबून केलेली, अंतर एका मैलाच्या आतबाहेर. आमच्या आईला व्हीलचेअरवरून तिथं नेलं होतं. ओढ्याकाठी झाडंही आहेत.

सापांचं म्हणाल तर आहेत, पण कापलेली रुंद वाट सोडली नाही आणि दगड उचलले नाहीत तर ते तुमच्या वाटेला येत नाहीत. सात वर्षांत मला एकदा दिसला, तोही जाताना.

---

डॉ_सुमेधा

सापापेक्षा गोचीड आणि चिगर ह्यांच्याकडे लक्ष द्या, कळकळीनं सांगतेय.

मागच्या जूनमध्ये आम्ही अशाच एका गवताळ पार्कात मुलाला हाफ पँटवर नेलं, तो वाट सोडून गवतात लोळला. दुसऱ्या दिवशी कमरेच्या इलॅस्टिकपाशी आणि मोज्यांच्या कडेला चाळीसेक लाल पुळ्या, रात्रभर खाजवून रडला. एका अर्जंट केअरमध्ये नेलं तर तिथं आधी कांजिण्या म्हणाले, शाळेत पाठवू नका म्हणाले. मी स्वतः डॉक्टर असून (भारतात, इथं प्रॅक्टिस नाही) मलाही ओळखू आलं नाही कारण आपल्याकडे हे असं बघितलेलं नसतं. शेजारच्या आजींनी लांबून बघून सांगितलं, चिगर्स.

चिगर म्हणजे एका बारीक माइटची पिल्लं, डोळ्याला दिसत नाहीत, कपडा जिथं घट्ट असतो तिथं चावतात. कातडीत शिरून राहतात हा गैरसमज आहे. घरी आल्या आल्या साबणानं आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढं केलं की निम्मा त्रास वाचतो. गोचीड मात्र शोधावी लागते: काखेत, कानामागे, गुडघ्याच्या मागं, केसांत. चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. तेल लावणं, काडीनं चटका देणं असलं काही करू नका. नंतर ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना गवतात गेल्याचं आधी सांगा.

फुल पँट, पँट मोज्यांच्या आत, फिक्या रंगाचे कपडे, वाटेच्या मधून चालणं. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही, आम्ही पुन्हा जातोच आहोत.

---

गवत्या

पुण्यातून लिहितोय. गवतांवर काम करतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणाले ते अक्षरशः खरं आहे. तीन बोटांचा तुरा म्हणजे बिग ब्लूस्टेम, अँड्रोपोगॉन. ज्वारी, मका, ऊस, गवती चहा, वाळा आणि आपल्या माळावरचं मारवेल, पवन्या, कुसळी हे सगळं अँड्रोपोगॉनी ह्या एकाच गटातलं. भावकी हा शब्द मी आता वर्गात वापरणार. त्याच्याबरोबर तिथं सोनेरी मऊ तुऱ्याचं गवत दिसलं असेल, ते इंडियन ग्रास. त्यातलं इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आपण नाही, पण त्याचं शास्त्रीय नाव सोरघॅस्ट्रम म्हणजे ज्वारीसारखं दिसणारं. आणि अमेरिकेत ज्वारी पिकवण्यात पहिलं राज्य कोणतं तर कॅन्सस. आबांना घरी आल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही.

मुलांना एक गोष्ट सांगा. वर जेवढं गवत दिसतं त्यापेक्षा जास्त जमिनीखाली आहे. बिग ब्लूस्टेमची मुळं आठ-दहा फूट खाली जातात. कळी, म्हणजे जिथून नवा कोंब येतो ती जागा, जमिनीलगत किंवा जमिनीत असते. त्यामुळे गुरानं खाल्लं, थंडीनं वाळलं, आगीनं जळलं, तरी ते परत येतं. झाडाचा वाढता शेंडा वर असतो, तो जळला की रोप मागं पडतं. गवत आणि झाड ह्यांच्या भांडणाचा निकाल तिथं आगीनं लागतो.

---

शिकागोची_मावशी

माणदेशी_लेक, अगं डोळ्यांनी बघण्याआधी नाकानं बघ प्रेअरी!

आम्ही नेपरव्हिलला, इथं गावातच स्प्रिंगब्रुक प्रेअरी आहे, अठराशे एकरांच्या वर, वाट बारीक खडीची, सायकली आणि स्ट्रोलर खुशाल जातात. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात पण मूळ प्रेअरीचा एक टक्क्याचा दहावा हिस्सा सुद्धा शिल्लक नाही, १८३७ मध्ये इथल्याच जॉन डीअरनं चिकट काळी माती न अडकणारा पोलादाचा नांगर केला आणि पन्नास वर्षांत सगळं संपलं. आता जे दिसतं ते बहुतेक माणसांनी बिया गोळा करून परत पेरलेलं, लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममधली शूलेनबर्ग प्रेअरी १९६२ पासून अशी लावलेली आहे, शेतावर!

मी नातवंडांसाठी मागच्या अंगणात दहा बाय पंधराचा तुकडा केलाय, नर्सरीतून रोपं आणून, कारण पार्कातलं तोडता येत नाही. तिथं आमचा खेळ असा. बर्गमॉटचं पान चुरगाळायचं, डोळे मिटून, आणि सांगायचं कशाचा वास. नातू म्हणाला आजी, हे तर तुझ्या डब्यातलं! ओवा, अगदी ओवा (थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य दोन्हीत आहे म्हणे लेक). मग पिवळ्या कोनफ्लॉवरचं वाळलेलं बोंड बोटांत चोळायचं, बडीशेप. ऑगस्टमध्ये ड्रॉपसीड गवत फुललं की संध्याकाळी अंगणभर धण्यांचा वास, शेजारीण म्हणते पॉपकॉर्नचा, मला धणेच येतात.

आणि प्रेअरी डॉकचं पान, सागाच्या पानाएवढं, तसंच खरखरीत. जुलैच्या उन्हात त्याला गाल लावून बघा, माठासारखं गार! मुळं खोल जाऊन पाणी ओढतात आणि पान ते बाहेर सोडत राहतं म्हणून. कंपास प्लांट त्याचाच भाऊ, त्याची पानं उत्तर-दक्षिण कडा करून उभी राहतात, नातीनं फोनमधला होकायंत्र लावून ताडून बघितलं.

---

लॉरेन्सवाला

मावशी, मजा आली वाचून.

सप्टेंबरच्या शेवटी गेला होतात तर मोनार्क फुलपाखरं दिसली का? हा त्यांचा कॅन्ससवरून दक्षिणेला जायचा काळ, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत थंडी काढायला जातात. आमच्या युनिव्हर्सिटीत मोनार्क वॉच म्हणून उपक्रम १९९२ पासून चालू आहे, लोक पंखावर बारीक गोल स्टिकर लावून फुलपाखरं सोडतात. माझ्या मुलीनं मागच्या वर्षी चार सोडली, पंखाची पकड सोडली की ते पहिल्यांदा सरळ वर जातं आणि मग वळतं, ते बघताना पोरगी श्वास रोखून उभी होती.

मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडवर जगतात. पान तुटलं की पांढरा चीक. माझी आई बघून पटकन म्हणाली ही रुईच की. मारुतीला हार घालतो ती.

---

गवत्या

आईंचं बरोबर आहे, एकाच कुळातली. आपल्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या असतात, तेही मोनार्कच्याच डॅनस गटातलं. दोघंही त्या चिकातलं विष अंगात साठवतात म्हणून पक्षी सोडून देतात. सुट्टीत भारतात आलात की कुठल्याही गावाबाहेर रुईचं पान उलटून मुलीला दाखवा.

---

माणदेशी_लेक

आले परत. मोनार्क दिसले का काय, एका निळ्या फुलांच्या झुडपावर सात एकावेळी! नवऱ्यानं फोटोवरून शोधलं, ब्लू सेज. दांडी चौकोनी होती, लेकीनं बोटांत फिरवून सांगितलं, आई, गोल नाहीये. तुळशीची पण अशीच असते असं माझी आई म्हणाली.

एक शंका आहे. व्हिजिटर सेंटरला एप्रिलमध्ये जाळलेल्या कुरणाचा फोटो होता, सगळं काळं. ऐकलंय की आसपासचे रँचवाले पण दर वसंतात जाळतात, धूर आमच्यापर्यंत येतो. आबा म्हणाले आमच्याकडं वणवा लागला की फॉरेस्टवाले दंड करतात आणि इथं सरकारच जाळतंय, हे कसं काय?

---

गवत्या

चांगला प्रश्न आहे आणि उत्तर जरा लांबतंय.

कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावाजवळ कोन्झा प्रेअरी म्हणून संशोधन केंद्र आहे, ८,६१६ एकर. तिथं १९८० च्या सुमारापासून वेगवेगळे तुकडे ठरवून जाळतात, काही दर वर्षी, काही दोन वर्षांनी, काही चार, काही वीस वर्षांनी. जिथं आग फार वर्षांनी लागते तिथं झुडपं आणि सीडारची झाडं घुसतात आणि गवत हटतं. म्हणजे तेवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आग नसेल तर प्रेअरी राहतच नाही. कॉ, ओसेज ही माणसं शेकडो वर्षं मुद्दाम जाळत आली, नव्या हिरव्या कोंबावर बायसन येतात हे त्यांना माहीत होतं. आता जाळतात ते वारा, दमटपणा बघून, कडेचा पट्टा आधी जाळून, माणसं उभी करून.

आपल्याकडे हे उचलून लावू नका. आपल्या माळावर पाऊस कमी, माती हातभर सुद्धा नाही, आणि वणवा लागतो तो कोणीतरी विडी टाकली किंवा बांध पेटवला म्हणून, कधीही आणि दर वर्षी. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, घोरपडी, चाऱ्यासाठी राखलेलं गवत सगळं जातं. आबांचे फॉरेस्टवाले दंड करतात ते योग्यच आहे.

आपल्या गवताचं दुखणं वेगळं आहे. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. पडीक दिसलं की खड्डे काढून झाडं लावायची, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, आणि फोटो काढायचे. झाडं लावणारी माणसं मनानं चांगली असतात, त्यांच्याशी वाद घालणं मला दर वेळी जड जातं. पण माळढोकाला, चिंकाऱ्याला, लांडग्याला, धनगराच्या मेंढरांना झाड नको असतं, उघडं गवत हवं असतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं, आज तिथं माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. फ्लिंट हिल्समध्ये वसंतात प्रेअरी चिकन हा पक्षी गळ्याजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतो, माळढोकाचा नर सुद्धा गळ्याची पिशवी फुगवूनच मादीला बोलावतो. तिथला आवाज ऐकायला लोक पहाटे अंधारात लपणात जाऊन बसतात. आपला मी शेवटचा कधी बघितला ते मला आठवतं आणि सांगावंसं वाटत नाही.

---

सुप्याचा_गणेश

गवत्या सर म्हणतात ते खरंय पण इथं पण जाता येतं की लोकांना. आमच्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटर फक्त, पण सकाळी सातच्या आत आलात तर चिंकारा दिसतोच दिसतो, आणि लहान पोरांना चालायला एकदम सोपं. पाऊस संपताना या, सप्टेंबर-ऑक्टोबर, गवत कमरेएवढं असतं. वनविभागाची ग्रासलँड सफारी पण आहे आता, इंदापूरकडं कडबनवाडी आणि बारामतीकडं शिर्सुफळ. रेहेकुरीला काळवीट. फक्त कुसळं मोज्यात शिरतात, ती घरी जाऊन एकेक उपसत बसायला लागतं, आमची पोरं त्याच्या टोकांना थुंकी लावून फिरवतात, ओलं झालं की कुसळ आपोआप गोल फिरतं. तसंच ते मातीत स्वतःला स्क्रूसारखं घुसवतं असं आम्हाला शाळेत गुरुजींनी दाखवलेलं.

---

शिकागोची_मावशी

गणेश, हे कुसळ फिरायचं मी विसरलेच होते रे! आमच्या इथल्या इंडियन ग्रासच्या बीला पण असंच वाकडं कुसळ असतं, उद्या नातवंडांना बसवते पाण्याची वाटी घेऊन.

---

प्राची_डॅलस

तीन आठवड्यांनी लिहितेय. आम्ही गेलो! बॉटमलँड ट्रेल, स्ट्रोलर नीट चाललं, फक्त एका ठिकाणी खडी सैल होती तिथं नवऱ्यानं उचलून घेतलं. ऑक्टोबरचं गवत पूर्ण तांबड्या-सोनेरी रंगाचं झालेलं. पँट मोज्यांत खोचली होती, रात्री हॉटेलात बॅटरी लावून सगळ्यांना तपासलं, नवऱ्याच्या पोटरीवर एक गोचीड निघाली, सुमेधाताई म्हणाल्या तशी चिमट्यानं काढली.

बाळाला मी कडेवर घेऊन एका तुऱ्यापाशी नेलं, माणदेशीताईंच्या लेकीच्या शेकहँडचं आठवून. त्यानं तो तुरा मुठीत धरला आणि सोडेच ना, वाऱ्यानं ताट हललं की त्याचा हात हलायचा आणि तो हसायचा. मला गवताची भीती वाटते असं मी लिहिलं होतं, तिथं अर्धा तास मी त्या गवतात उभी होते.

---

माणदेशी_लेक

प्राची, आबा परवाच आटपाडीला पोचले, तुझं सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. बी झडायला लागलं होतं का? आणि गुरं अजून बाहेर हायत का आत घेतली?

विचिटाकर, गुरांचं तुम्हीच सांगा, मला माहीत नाही. आबा उद्या सकाळी परत फोन करणार आहेत.